चाळीस व्होल्ट कुठे गेले

मित्रांनो, बहिरू वायरमनच्या पत्र्याच्या पेटीत पकडीखाली दबलेला काळा डबा कधी दिसला, तर त्याला भंगार समजू नका. तो मी, जुना काट्याचा मल्टिमीटर. माझ्या काचेला तडा आहे, लाल वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे, आणि स्वभावाने मी थोडा मानी आहे, हे आधीच सांगून टाकतो.

कारखान्यात एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून माझा काटा बसवला. नाशिकच्या मेन रोडवरच्या दुकानातून बहिरूने मला घेतले आणि सुरगाण्याच्या डोंगरातल्या आपल्या गावी नेले. वीस वर्षे आम्ही पाड्यापाड्यांवर फिरलो. बल्ब का लागत नाही, पंप का फिरत नाही, सगळे मलाच विचारले जाई. काटा हलला की माणसे गप्प होत. खोटे कशाला सांगू, मला ते फार आवडायचे.

मग नवा मीटर आला. त्याला चिमटा होता. वायरीभोवती धरला की किती करंट वाहतो ते तो अँपिअरमध्ये सांगे. शिवाय वायर कुठे तुटलेली नसली की 'पीं' करे. बहिरू त्या 'पीं'वर भाळला. मला पेटीत टाकताना त्याने माझे सेल काढले नाहीत. दोन पावसाळ्यांत ते पाझरले, आतल्या पट्ट्या गंजल्या आणि माझा ओहम गेला. म्हणजे वायरीत विजेला अडथळा किती, हे मला सांगता येईना. व्होल्ट मोजायला मला सेल लागतच नाही, पण ते कोणाच्या लक्षात राहिले नाही. मला फार वाईट वाटले.

बहिरूची बहीण मंगलाबाई गावातल्या बचत गटाची पिठाची चक्की चालवायची. चक्की येण्याआधी ती दर दिवाळीनंतर द्राक्षबागांत मजुरीला डोंगराखाली जायची, आणि मुलगी तृप्तीही शाळा बुडवून तिच्याबरोबर जायची. चक्कीमुळे दोघी गावात राहिल्या. तृप्ती आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियनचे शिक्षण घेऊ लागली. पण चक्कीची मोटर एका वर्षात दोनदा जळाली. आता तिसऱ्यांदा जळाली तर चक्की बंद करायची, असे गटातल्या बायकांनी ठरवले. आत नवी तार भरून आणलेली मोटर पुन्हा तापू लागली होती. बागांसाठी मजूर नेणाऱ्या मुकादमाची जीप यायला आठवडा उरला होता, आणि मंगलाबाईने गाठोडे बांधायला घेतले होते.

बहिरूने नव्या मीटरने वायर तपासली. 'पीं' झाले. वायर चांगली आहे, मोटरच खराब, असे सांगून तो मोकळा झाला.

आता त्या वायरीची गंमत ऐका. ती मांडववाल्या गोटीरामची. चक्कीची खोली बोर्डापासून लांब, म्हणून त्याने लग्नात दिव्यांच्या माळांना लावायची बारीक वायर उसनी दिली होती. उसनी वस्तू कापायची कशी? म्हणून बहिरूने ती जोडून उरलेली वायर तशीच गुंडाळून नागलीच्या पोत्यांमागे ठेवली होती. तृप्तीने झाडताना पोते सरकवले, तर गुंडाळी गरम लागली. ती तशीच मामाकडे आली.

"मामा, तुझा जुना मीटर कुठं हाय?"

"त्याचा ओहम गेलाय. काय कामाचा नाय तो."

"ओहम आपण गणितानं काढू. नवा करंट मोजतो तेव्हाच हा व्होल्ट दाखवतो ना?"

मंगलाबाईने दाणे टाकून चक्की चालू केली. नव्या मीटरचा चिमटा वायरीतल्या एका तारेभोवती धरला. त्याने दहा अँपिअर दाखवले. बहिरूने माझी टोके आधी बोर्डाला लावली. काटा दोनशे तीसवर गेला. मग मोटरपाशी लावली. काटा एकशे नव्वदवर थांबला.

जमिनीवर सांडलेल्या पिठात तृप्तीने बोटाने गणित मांडले. वाटेत सुमारे चाळीस व्होल्ट गेले. चाळीस भागिले दहा, म्हणजे वायरीचा अडथळा चार ओहम. चाळीस गुणिले दहा, म्हणजे चारशे वॅट नुसती वायर तापवण्यात जात होते, तेही पोत्यांच्या आड. मोटरला व्होल्ट कमी पडत, तेवढेच दळायला ती जास्त करंट ओढे आणि जळे. वायर तुटलेली नाही, एवढेच 'पीं'ने सांगितले होते. ती विजेला किती अडवते, हे त्याला कोणी विचारलेच नव्हते.

बहिरूने चक्की बंद केली. "मंगला, दोन्ही वेळा मोटर माझ्यामुळं जळाली," तो म्हणाला. मग त्याने बाहीने माझी काच पुसली.

गोटीरामची वायर त्याला न कापता परत गेली. बहिरूने जाड वायर आणून हवी तेवढीच, सरळ ओढली. आता मोटरपाशी माझा काटा दोनशे सत्तावीस दाखवतो, आणि मोटर मुकाट्याने दळते.

आठवड्याने जीप आली. तिने तीनदा हॉर्न वाजवला. मंगलाबाई कोपरापर्यंत पिठाने माखलेली बाहेर आली आणि म्हणाली, "आम्ही नाय येत यंदा." जीप वळून गेली. दळण खोळंबले होते, म्हणून ती लगेच आत गेली.

मित्रांनो, माझा ओहम काही परत आला नाही. तरी एक मागणे आहे. आमच्यापैकी कोणाला पेटीत ठेवाल, तेव्हा आधी सेल काढून ठेवा. आणि एखाद्याचे काही बिघडले, तर फेकण्याआधी त्याला अजून काय येते, एवढे विचारून बघा.