सोमवारचा पाय

"आजी, पण मीठ बरोबर आहे हे तुला टेस्ट न करता कसं कळतं?" मैथिलीने विचारलं. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता. शाळेत एका पदार्थाचं मूळ शोधून त्याचं घरातलं रूप लिहून न्यायचं होतं.

"वासावरून," कढईतला खिमा परतत सुनेत्राबाई म्हणाल्या.

"यू कान्ट स्मेल सॉल्ट, आजी!"

"येतो. शिकावं लागतं."

चौतीस वर्षं त्यांनी मिरजेच्या मिशन दवाखान्याचा मुदपाकखाना सांभाळला होता. घरात अंडंसुद्धा चालत नसे. पण रोग्यांसाठी मटण शिजवायचं आणि कणभरही जिभेला लावायचं नाही. नैवेद्य कुठे कोण चाखून बघतं? पातेल्यावर वाकून एकदा श्वास घेतला, की मीठ कमी की मसाला कच्चा, ते त्यांना कळे. मिस हार्टली मेट्रन म्हणत, "सुनेत्रा, युवर नोज शुड बी ऑन द पेरोल."

हा 'पाय' नावाचा इंग्रजी पदार्थही मेट्रनबाईंचाच. रविवारचं भाजलेलं मटण उरलं, की सोमवारी त्याचा खिमा करायचा, वर कुस्करलेल्या बटाट्याचा थर लावायचा आणि भट्टीत सारायचा.

"गूगल म्हणतं, कॉटेज पाय आधी आला, शेफर्ड्स पाय नंतर," मैथिली वाचत होती. "बीफ असेल तर कॉटेज, लॅम्ब असेल तर शेफर्ड्स."

"आमच्याकडे बोकडाचा. शाकाहारी वॉर्डाला अख्ख्या मसुराचा. नावं काही का असेनात, उरलेलं झाकायला वर बटाटा, एवढंच."

आज मात्र उरलेलं काही नव्हतं. लॅम्बचा ताजा खिमा त्यांच्या मुलाने, हृषिकेशने, सकाळीच आणून दिला होता. जूनमध्ये दुधाचं पातेलं जळून कोळसा झालं, सुनेत्राबाई शेजारच्याच खोलीत होत्या. "डोळा लागला रे," असं त्यांनी सांगितलं. तेव्हापासून सगळे कामावर गेले, की कपाटातला गॅसचा कॉक बंद असे. मायक्रोवेव्हमधला डबा आणि खिडकीतून दिसणारी ट्रुगानिना या परदेशी उपनगराची एकसारखी घरं. बस स्टॉप पंचवीस मिनिटांवर, आणि रस्त्यात बोलायला माणूस नाही. मिरजेचा फ्लॅट कुलूप लावून तसाच होता. शेवटी लेक म्हणाला होता, "आई, रविवारचं जेवण तू एकटीने कर. कुणी मदतीला येणार नाही. जमलं, तर तुझं मिरजेचं मार्चचं तिकीट काढतो. प्रॉमिस."

डोळा लागला नव्हता. करपल्याचा वासच आला नव्हता. मेमध्ये ताप येऊन गेला आणि नाक गेलं, ते परत आलंच नाही.

मैथिली पाणी प्यायला वळली. सुनेत्राबाईंनी चमच्याच्या टोकावर खिमा घेतला आणि झटकन तोंडात टाकला. अठ्ठ्याहत्तर वर्षं जपलेलं एका घासात गेलं. बरं, गेलं तर गेलं, चव तरी कळावी? जिभेला लागलं ते नुसतं मीठ. किंचित कमी होतं. त्यांनी चिमूटभर घातलं.

मैथिली ग्लास हातात धरून बघत होती.

पाय ओव्हनमधून घड्याळाच्या ठोक्याला बाहेर निघाला. बटाट्यावर काट्याने ओढलेल्या रेघा बदामी झाल्या होत्या. सोबतचा रस्सा गरम राहावा म्हणून त्यांनी शेगडीवर अगदी बारीक आचेवर ठेवला आणि उकाडा होतो म्हणून मागचं सरकतं दार उघडलं. वारा भणाणत आत आला.

"आई, काय दिसतोय हो!" सून चिन्मयी ताटं मांडता मांडता म्हणाली. "मार्चमध्ये आमचं कसं होणार?"

"सवय होईल." सुनेत्राबाईंना हसू आवरेना. मिरजेत उतरल्यावर आधी फ्लॅटची खिडकी उघडायची, हे त्यांनी ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

हृषिकेश हात पुसत आला आणि दारातच थबकला. नाक वर करून त्याने हुंगलं. मग धावत येऊन शेगडीचं बटण फिरवलं. रश्शाखालची ज्योत कधीच विझली होती. सुनेत्राबाई शेगडीला टेकूनच उभ्या होत्या.

"आई, एवढा गॅसचा वास येतोय! तुला नाही आला?"

"हो... मी आत्ता बंद करणारच होते."

चिन्मयीने उरलेल्या खिडक्या उघडल्या. मैथिली आजीकडे पाहत होती, आणि तिच्यासमोर आणखी एक खोटं बोलणं सुनेत्राबाईंना जमेना.

"नाही येत मला वास," त्या म्हणाल्या. "दूध जळलं, तेव्हाही नव्हता आला."

कुणी रागावलं असतं, तर बरं झालं असतं. "आई, आपण डॉक्टरांना दाखवू," एवढंच हृषिकेश म्हणाला, अगदी हळू. मार्चचं नाव कुणी काढलं नाही.

त्यांनी पदर खोचला आणि पाय वाढायला घेतला. प्रत्येकाच्या ताटात चौकोनी तुकडा, कड न मोडता, वॉर्डात वाढत तसा.

"आजी," मैथिलीने हलकेच लॅपटॉप उघडला. "लास्ट क्वेश्चन आहे. व्हॉट डिड इट स्मेल लाइक? तिकडचा, मिरजेचा."

सुनेत्राबाई पायातून निघणाऱ्या वाफेवर वाकल्या.

"लिही," त्या म्हणाल्या. "आधी कांद्याचा, तुपात तांबूस होतानाचा. मग मिरीचा. बटाट्याला करपायच्या जरा आधी ओल्या मातीसारखा येतो, तेव्हा काढायचा. आणि मागून फिनेलचा. सोमवारी वॉर्ड धूत."

मैथिलीची बोटं भराभर चालत होती. मागे हृषिकेशने कपाटात हात घालून गॅसचा कॉक फिरवला.

"फिनेलनंतर?" मैथिलीने विचारलं.

"थांब," सुनेत्राबाई डोळे मिटून म्हणाल्या. "येतोय."