मनगटातली काळी रेघ

मनगटात आठ हाडे. आठही होती, एकमेकांना खेटून; तळव्याची पाच, बोटांची चौदा. खिडकीच्या उजेडात धरलेल्या एक्स-रेत सगळे जागच्या जागी होते, फक्त हाताचे लांब हाड जिथे मनगटाशी संपते तिथे एक काळी रेघ उरली होती — वाढ अजून बाकी आहे असे सांगणारी. डॉक्टरांच्या मदतनिसाने, हरिदासने, ती हाडांवरून वय ठरवायच्या पुस्तकातल्या चित्रांशी पुन्हा ताडून पाहिली. पुस्तक परदेशातल्या, पोटभर दूध पिऊन वाढलेल्या मुलांचे. त्यांच्यात अशी रेघ पंधराव्या वर्षी दिसते.

दारात रुखमाबाई उकिडवी बसली होती, शेजारी तिचा मुलगा पत्रू. खाणीत शेत गेले, बदल्यात घरटी एक नोकरी. पण अठरा पुरी हवीत, आणि पत्रूच्या जन्माची नोंद कुठेच नाही.

"भाऊ, गुणवंतरावाची कमळा अन् हा एकाच हप्त्यातले," ती म्हणाली. "ती दोन लेकरायची माय झाली. ह्याचंच हाड काऊन मांगं राह्यलं?"

"तिलेच द्या मंग नोकरी," पत्रू पुटपुटला.

काऊन मांगं राह्यलं... नववीत हरिदास रांगेत सगळ्यांत पुढे असे, सर म्हणत, पाचवीतून चुकून आलास का — मग चंद्रपूरचे वसतिगृह, दोन्ही वेळा वरण-भात, आणि वर्षभरात शर्टाच्या बाह्या कोपराकडे सरकल्या तेव्हा त्याला लाज वाटली होती, जेवलेले असे अंगावर दिसते याची...

टेबलावर डॉक्टरांच्या यंदाच्या, सत्याऐंशी सालच्या, कुपोषण-पाहणीचा तक्ता पडला होता. त्यात डॉक्टरांनी रुखमाबाईचा शब्द खरा धरून पत्रूला अठराचा मानले होते — हाडे तीन वर्षे मागे, कुपोषणाचे उत्तम उदाहरण, परिषदेत दाखवण्याजोगे. मग खाणीसाठीच्या वयाच्या दाखल्यावरही अठराच ना, असे हरिदासने सकाळी विचारले, तेव्हा ते हसले होते. "तिथं आईचं बोलणं चालत नाही रे. फोटोत दिसतं तेच लिही, मी सही करतो."

एकाच हाताचा एकच फोटो, आणि वये दोन...

"लिहून राह्यले का, भाऊ?" रुखमाबाईने विचारले.

त्याने पेन वयाच्या रकान्यावर टेकवले, उचलले. डॉक्टरांची भीती कुठे गेली कळले नाही; आता किळस येत होती ती त्या तक्त्याची, त्यातल्या सुबक, वळणदार अक्षराची — जे हरिदासचे स्वतःचेच होते. त्याने पट्टी घेतली, रेघ पुन्हा मोजली.

दीड मिलिमीटर. वयाचा रकाना अजून कोराच होता.