वसिष्ठाच्या शेजारची

उजेडाला शिव्या घालण्यात मधूची वर्षं गेली. अल बर्शा वस्तीतल्या गच्चीवरून तारे दिसेनासे झाले तेव्हा त्यानं मॉलचा उद्धार केला. शहराबाहेर गेला, तिथं हायवेच्या दिव्यांचा. मागं सरत सरत आज तो अल ऐनच्याही पलीकडं, वाळवंटात येऊन ठेपला होता. सोबत शेजारचा मुश्ताक. रत्नागिरीचा; चंद्र सोडला तर आकाशातलं काही न ओळखणारा.

"यल्ला, चला गुरुजी, दाखवा," मुश्ताक चटईवर आडवा होत म्हणाला. "का नुसती वाळू खायला आणलंस?"

"उत्तरेला बघ. पतंग आणि त्याची शेपटी. शेपटीतला मधला तारा वसिष्ठ. त्याला चिकटून बारीक अरुंधती. लग्नात नवरीला दाखवतात ती. तुला नाही दिसायची आज. नजर बसावी लागते."

"आहे की! टिकलीएवढी."

"उगाच हो म्हणू नकोस."

"अल्लाची कसम! आणि पतंगाच्या पोटातपण बारीक बारीक आहेत. फोडणीत मोहरी तडतडल्यागत."

मधूला पोट रिकामं दिसत होतं. शेपटी जिथं पतंगाला जोडते तो कोपराही गळालेला. त्यानं चष्मा पुसला. पुन्हा बघितलं. कोपरा नाही तो नाहीच.

"धूळ आहे आज," तो म्हणाला.

"कसली धूळ? चकचकीत आहे सगळं."

इथं शिवी घालायला एक बल्बसुद्धा नव्हता. आकाश विटलंच नव्हतं कधी. विटले होते ते मधूचे डोळे, आणि हा शहाणा दरवेळी गाडी काढून आणखी लांब पळत होता! गेल्या आठवड्यात पहाटेच्या अंधारात याच्या हातातली शाळेची बस एका पोरापाशी कचकन थांबली, तेव्हाही यानं रस्त्यावरच्या दिव्यांनाच बोल लावला. रातांधळा ड्रायव्हर कोण ठेवतो? नोकरी गेली की व्हिसा खलास. अर्धं आयुष्य या देशाची पोरं वाहिली, तरी देश म्हणणार, चल, निघ.

मुश्ताक उठून बसला होता. "मधू. माझा हात दिसतोय?"

"कुठाय?"

"तुझ्या तोंडासमोर."

मुश्ताकनं चटईवरची गाडीची किल्ली चाचपून उचलली आणि खिशात टाकली.

"माझ्या लायबाला उद्या शाळेत मी सोडतो," तो म्हणाला. आवाज चढवलाच नाही त्यानं. तेच लागलं.

"लेकीला वाचवलंस. बरं झालं."

"आणि बाकीची पोरं, भाई? त्यांच्या बापांना कोण सांगणार? सुपरवायझरला तू फोन करतोस की मी करू?"

"पुढच्या महिन्यात डोळ्यांची तपासणी आहेच. तोवर..."

"तोवर काय?"

मधूनं फोन काढला. स्क्रीन पेटली, वर सुपरवायझरचा नंबर. सगळ्या वाळवंटात तेवढंच त्याला लख्ख दिसत होतं.