खिडकी पाडलेला पुठ्ठा

मी एक जुना पुठ्ठा आहे. हसू नका, मित्रांनो. जन्मलो बुटांच्या खोक्याचं झाकण म्हणून. पण एका दादाने ब्लेडने माझ्या पोटात ओळीएवढी खिडकी पाडली आणि मला धाकट्या बहिणीच्या हाती दिलं. तिला पुस्तकातली अक्षरं जागेवर थांबलेली दिसतच नसत. खिडकीतून एकच ओळ दिसली, की ती वाचू शके.

ती बहीण शिकून शाळेत बाई झाली आणि मी तिच्या पर्सच्या चोरकप्प्यात गेलो. एकवीस वर्षं मी जीव मुठीत धरून काढली. चेन वाजली की माझ्या कडा गार पडत. कोणी पाहिलं तर? "हिलाच वाचता येत नाही, ही काय शिकवणार!" असं म्हणायला लोक टपलेलेच असतात. बाईही पक्क्या. चाळीस मुलांची हजेरी तोंडपाठ करायच्या आणि पट नुसता समोर धरायच्या. अडखळणाऱ्या मुलांना मधल्या सुट्टीत वाळूत बोट फिरवून अक्षरं शिकवायच्या, पण मला दाखवायच्या नाहीत. "हे तुम्हाला कसं सुचलं?" असं कोणी विचारलं तर काय सांगणार?

गेल्या वर्षी तपासणीला साहेब आले. न वाचणाऱ्यांना खालच्या वर्गात बसवायचं ठरलं होतं. यादीत एकच नाव होतं, मागच्या बाकावरच्या मुलीचं.

"वाच," साहेब म्हणाले.

मुलगी उभी राहिली. पहिल्या ओळीवर ठेवलेलं तिचं बोट पुढे सरकेना.

"मिठाची गुळणी धरलीस का गं?"

वर्ग खिदळला. साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

आणि चेन वाजली. नको बाई, नको! मी आतल्या आत ओरडलो. बाईंनी मला मुलीच्या पुस्तकावर ठेवलं. "एवढंच बघ. बाकीचं पान नाहीच असं समज."

मुलीने वाचलं. रांगत रांगत, पण दोन ओळी वाचल्या.

साहेबांनी मला चिमटीत उचललं. "किती मळलंय हे! कोणाचं?"

"माझं."

"लहानपणीचं?"

"आजचंही, साहेब. याच्याशिवाय मला धड वाचता येत नाही."

साहेबांनी मला परत पुस्तकावर ठेवलं.

"असं? मग पुढचं तुम्ही वाचा बघू."

बाईंचे हात इतके कापत होते की मी ओळीवरून घसरत होतो. तेव्हा त्या मुलीने मला दोन बोटांनी दाबून धरलं. "मी सरकवते, बाई. तुम्ही वाचा. सावकाश."

बाईंनी पान संपवलं. साहेबांनी मुलीचं नाव खोडलं, पण जाताना म्हणाले, "तुमच्याबद्दल मात्र वर कळवावं लागेल."

वरून पत्र अजून आलेलं नाही. शिपाई कागद घेऊन दारात आला की मी दचकतो. बाईही दचकतात. पण मला त्यांनी पुन्हा पर्समध्ये लपवलं नाही. मी टेबलावर उघडा असतो आणि "बाई, पुठ्ठा घेऊ?" म्हणत कोणीही मला उचलून नेतं.

मित्रांनो, माझी खिडकी कोपऱ्यात फाटू लागली आहे, मला जपून वापरा. आणि वर्गात कोणी वाचता वाचता थांबलं, तर खिदळू नका. जवळ जा आणि त्याची ओळ धरून ठेवा.