दगडोबा, पाणी कुठवर आलं?

लातूर जिल्हा झाला आणि आम्ही अहमदपूरकर जागचे न हलता उस्मानाबादेतून लातुरात आलो. नवा जिल्हा, नवे साहेब, नव्या पाट्या. पाऊस मात्र जुनाच, म्हणजे न येणारा. त्या उन्हाळ्यात जिकडे जावं तिकडे एकच गाणं वाजत होतं. एसटी स्टँडवरच्या हॉटेलात तेच, मोंढ्याच्या धान्यबाजारात तेच, लग्नाच्या मांडवात तेच, पार धर्माबादेपर्यंत तेच. ‘नरसिंगा, पाणी कुठवर आलं?’ लोक त्याला नुसतं ‘नरसिंगा’ म्हणायचे. ‘ए, नरसिंगा लाव रे!’ असं कुणी म्हणालं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. कारण त्या गाण्यातलं नाव नरसिंगा नव्हतंच. ते माझ्या भावाचं नाव होतं, दगडोबा.

कुणाला खरं वाटत नसेल तर बाहत्तरच्या दुष्काळात जावं लागेल. तेव्हा आमचं सगळं घर रस्त्याच्या कामावर खडी फोडत होतं. मीही होते. नुकतीच नवऱ्याला सोडून माहेरी आले होते आणि दगड फोडायला मला चांगला राग होता. रस्त्याच्या कडेनं माणसांची लांबच लांब रांग बसायची आणि आमच्या बौद्धवस्तीची माणसं त्या रांगेच्या अगदी शेवटी. पाण्याची बैलगाडी पहिल्या टोकापासून थांबत थांबत यायची. आमच्यापर्यंत येईतो टाकीचा तळ लागलेला असायचा.

दादा खडीच्या उंच ढिगावर बसून फोडायचा. तिथून त्याला लांबवरचं वळण दिसायचं. म्हणून बायका खालून ओरडून विचारायच्या, ‘दगडोबा, पाणी कुठवर आलं?’ दादा हातोडा न थांबवता सांगायचा, ‘वळणावर आलं!’ की बायका पुन्हा कामाला लागायच्या. एकदा मी स्वतः ढिगावर चढून बघितलं. वळणावर काळं कुत्रंही नव्हतं.

‘खोटं का सांगून राहिलास रे?’ मी त्याला फैलावर घेतलं.

‘हळू बोल,’ तो म्हणाला. ‘वळणावर आलं म्हणलं की बाया आनिक घटकाभर हात चालवतात. न्हाई म्हणलं तर बसतील. बसल्या की मुकादम हजेरी कापतो.’

हे त्यानं फक्त मला सांगितलं होतं. मी तोंडाची फटकळ, पण हे कुणाला बोलले नाही. सरजावहिनीलाही नाही.

बायकांच्या त्या हाकेचंच दादानं गाणं केलं.

दगडोबा, पाणी कुठवर आलं?
हिरीच्या तळाला आभाळ वाळलं.
मुकादम म्हणतो, फोड आधी खडी,
घशाची कोरड थांबंल का घडी?

शेजारच्या ढिगावर त्याचा जोडीदार नरसिंग बसायचा. त्यानं चाल बसवायला मदत केली, हे मी नाकारत नाही. दोघं हातोड्याच्या ठेक्यावर म्हणायचे आणि सगळी रांग मागे म्हणायची. एकटी सरजावहिनी सोडून. खरं तर सगळ्या रांगेत गळा तिचा. पण दादा तिचा नवरा, आणि नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं तिच्या डोक्यात भरवलेलं. छप्पन साली आम्ही देव सोडले, देव्हारे उचलले, हे तेवढं वहिनीच्या जिभेवर राहून गेलं. गाण्यात नाव आलं की ती तिथं ‘हूं हूं’ करायची आणि पुढचं गोड आवाजात म्हणायची. पाणी विचारायचं झालं तरी, ‘ऐकलं का, पाणी कुठवर आलं?’ बायका पोट धरधरून हसायच्या.

मी तिला म्हणायचे, ‘वहिनी, माझ्या नवऱ्याचं नाव मी उठता बसता घेते, शिव्या देऊन घेते. हिमायतनगरात मजेत हाय तो. काय झालं त्याला?’

‘तुमचं येगळं हाय, सिंधुबाई,’ वहिनी म्हणायची. ‘तुम्हाला तो मेला तरी चालतंय.’

मी पुढचा दगड ओढून घेतला.

दुष्काळ सरला. मी बालवाडीत शिकवायला लागले. नरसिंग पेटी शिकला, नांदेडला गेला, गायनपार्टी काढली. जयंतीच्या दिवसांत गावोगाव त्याचे कार्यक्रम व्हायचे. सुरुवातीला तो ‘दगडोबा’च म्हणायचा. दादा मात्र दगडातच राहिला. रस्ता संपला तसा खडी क्रशरवर गेला. वर्षानुवर्षं ती भुकटी छातीत गेली. आधी खोकला आला, मग दम लागायला लागला, मग आवाज गेला. लातूरचे डॉक्टर म्हणाले, फुफ्फुसात दगडाची धूळ बसली आहे, ती काही निघायची नाही.

त्याच सुमारास नरसिंगची कॅसेट निघाली. कॅसेटवाल्यानं त्याला म्हणे सांगितलं, गाणाऱ्याचं नाव गाण्यात पाहिजे, लोकांच्या लक्षात राहतं. नरसिंगनं माझ्या भावाला चालीतून उचलून बाहेर ठेवलं आणि आपण त्या जागेवर बसला. बसलाही अगदी बेमालूम, ठेका जरासुद्धा चुकला नाही.

मी भांडायला निघाले होते. दादानंच अडवलं. ‘गाणं फिरून राहिलं ना, बस झालं,’ म्हणाला. असल्या भलेपणाची मला चीड येते.

पण त्या एप्रिलात, जयंतीच्या आदल्या आठवड्यात, बालवाडीतल्या मुली आमच्या अंगणात तेच गाणं म्हणत खेळत होत्या. दादा बाजेवर पडून ऐकत होता. त्यानं एकीला जवळ बोलावलं आणि त्या घोगऱ्या, फुसफुशीत आवाजात विचारलं, ‘कोण गं हा नरसिंगा?’

‘ज्याला लांबचं पाणी दिसायचं तो,’ मुलगी म्हणाली.

दादानं भिंतीकडे तोंड केलं. दिवसभर जेवला नाही. संध्याकाळी वहिनीनं पेज पुढे केली तेव्हा म्हणाला, ‘एकदा. आपल्या वस्तीत तरी एकदा माझ्या नावानं म्हणा म्हणावं. मी जायच्या आधी.’

आयुष्यात त्यानं कुणाकडे काही मागितलं असेल तर एवढंच.

जयंतीला नरसिंगचीच पार्टी येणार होती. दुपारी त्यांची जीप विहारासमोर थांबली तशी मी वहिनीला घेऊन गेले. नरसिंग चहा पीत होता. अंगावर झब्बा, बोटात अंगठी. आम्हाला बघून उठला, दादाची चौकशी केली. आवाजात कळवळा होता, खोटा नसावा. मग मी विषय काढला आणि त्याचा चेहरा आक्रसला.

‘सिंधु, मला काय न्हाई वाटत का?’ तो म्हणाला. ‘पण लोक ऐकून घेत न्हाईत. कॅसेटवर हाय तेच त्यांना लागतंय.’

‘एकदा म्हणायला तुझी जीभ झडती का?’

‘मग तूच म्हण की.’

त्याची पार्टी हसली. माझा सूर सगळ्यांना माहीत होता. मी गायला लागले की बालवाडीतली लहान मुलं रडतात. मला नाव घेता येत होतं, गाता येत नव्हतं. गाता येणारी माझ्या शेजारी डोईवर पदर घेऊन उभी होती, तिला नाव घेता येत नव्हतं. नरसिंगलाही ते पक्कं ठाऊक होतं. त्या ढिगावर बसून त्यानं तिचं ‘ऐकलं का’ किती तरी वेळा ऐकलेलं. तो तिच्याकडे वळला आणि मिशीत हसत म्हणाला, ‘न्हाई तर वहिनी, तुम्ही म्हणा. माइक देतो. नाव घेऊन म्हणा, पेटी मी धरतो.’

वहिनीनं पदर सारखा केला. ‘कवा म्हणायचं, भाऊजी?’

नरसिंगचं हसू जागीच विझलं.

परत येताना वहिनीनं विचारलं, ‘सिंधुबाई, तेंना काही झालं तर?’

‘दादाला व्हायचं ते होऊनच राहिलंय, वहिनी,’ मी म्हणाले. बोलून गेले आणि माझी मलाच शरम वाटली.

दिवेलागणीला कार्यक्रम सुरू झाला. विहारासमोर मंच, लिंबाच्या झाडावर कर्णे बांधलेले. एका कर्ण्याचं तोंड थेट आमच्या घराकडे होतं. दादाला इथवर आणणं शक्य नव्हतं, म्हणून त्याची बाज अंगणात काढली होती आणि उशाला पाण्याचा तांब्या ठेवला होता. सारी वस्ती जमली होती, आसपासच्या गावांचेही लोक होते. वंदना झाली, दोन-तीन गाणी झाली आणि नरसिंगनं माइक वहिनीच्या हातात दिला. दिलेला शब्द त्यानं पाळला, एवढं त्याच्या नावावर मांडते.

पेटी वाजली, ढोलकी आली, नावाची जागा आली. वहिनीच्या तोंडून निघालं, ‘हूं हूं.’

लोक हसले. ढोलकीवाला थांबला. नरसिंगनं पुन्हा सुरुवात दिली. वहिनीनं डोळे मिटले. आणि मग तिनं नाव घेतलं. सबंध, स्पष्ट, वरच्या सुरात. ‘दगडोबा, पाणी कुठवर आलं?’ इतक्या वर्षांत तिच्या तोंडून ते नाव मी पहिल्यांदा ऐकत होते. असं वाटलं की आता सगळ्यांना आठवेल. ढीग, बैलगाडी, हातोडा, सगळं आठवेल.

‘नाव चुकलं!’ मागून कुणीतरी ओरडलं.

‘नरसिंगा म्हणा बाई, नरसिंगा!’

कुणी रागानं म्हणत नव्हतं. बाई बिचारी घाबरली, नाव विसरली, तिला सांभाळून घ्यावं, अशा मायेनं म्हणत होते. ते जास्त वाईट होतं. वहिनीनं पुन्हा ‘दगडोबा’ म्हटलं तेव्हा सगळे मिळून टाळ्यांच्या ठेक्यावर ‘नरसिंगा’ म्हणाले आणि तिचा आवाज त्यात बुडाला. माझ्या शेजारी म्हातारी भामाबाई बसली होती. बाहत्तर साली माझ्या पुढ्यात बसून खडी फोडलेली बाई. तीही टाळ्या पिटत ‘नरसिंगा’ म्हणत होती. मी तिचा दंड धरला.

‘भामाबाई, तू स्वतः हाका मारायचीस की गं! दगडोबा म्हणून!’

‘हाव की,’ ती म्हणाली. ‘पर आता हेच पडलंय तोंडात.’

मी उभी राहून ओरडले, ‘बरोबर हाय तिचं! तेच नाव हाय!’ माइकशिवाय माझं कोण ऐकणार? ऐकलं ते फक्त नरसिंगनं. त्यानं मान वर केली, माझ्याकडे बघितलं. एक वाक्य बोलायचं होतं त्यानं. ही बाई खरं म्हणतेय, एवढंच. लोकांनी त्याचं नक्की ऐकलं असतं, त्याला डोक्यावर घेतलं असतं. त्यानं मान खाली घातली आणि पेटी वाजवत राहिला. निवेदकानं वहिनीच्या हातातून माइक हळूच काढून घेतला. ‘ताई नवीन आहेत, टाळ्या होऊन जाऊ द्या!’ म्हणाला, आणि टाळ्या झाल्या.

घराकडे जाताना वहिनी रडली नाही. अंधारात एकदाच थांबली.

‘म्या नाव घेतलं, सिंधुबाई,’ ती म्हणाली. ‘अन् ते वाया गेलं.’

मागे नरसिंगचा आवाज सुरू झाला होता आणि सगळी वस्ती त्याच्या मागे म्हणत होती.

दादा बाजेवर उशीला टेकून बसला होता. कर्ण्याचं तोंड आमच्याच घराकडे, त्यानं सगळं ऐकलं होतं. मी उंबऱ्यापाशीच नरसिंगच्या सात पिढ्या काढायला सुरुवात केली. दादानं हात वर केला तशी गप्प बसले. तो माझ्याकडे बघतच नव्हता. वहिनीकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा कसा उजळला होता ते मला अजून दिसतं.

‘तू घेतलंस,’ तो म्हणाला.

‘हाव,’ वहिनी म्हणाली. ‘पर लोकांनी...’

‘लोकांचं ऱ्हाऊ दे. आनिक एकदा घे.’

वहिनीनं माझ्याकडे बघितलं. तिला भीती वाटत होती, मंचावर वाटली नसेल इतकी. इथं तो समोर होता, एकेक श्वास ओढून काढत होता. तिनं तांब्यातलं पाणी फुलपात्रात ओतलं, बाजेच्या कडेला बसली, त्याच्या पाठीमागे हात घातला. गायली नाही. रांगेतल्या बायका मारायच्या तशी साधी हाक मारली, फक्त हळू.

‘दगडोबा, पाणी कुठवर आलं?’

दादानं दम गोळा केला. बराच वेळ लागला.

‘वळणावर आलं,’ तो म्हणाला.

वहिनी हसली. ‘ऐकलं का सिंधुबाई, आलं म्हणतात,’ माझ्याकडे वळून म्हणाली, आणि फुलपात्र त्याच्या ओठांना लावलं. तिच्या चेहऱ्यावरची भीती पार गेली होती. वळणावर काही नसलं की तो काय सांगायचा, हे त्या घरात फक्त मला माहीत होतं. मी तोंड मिटून बसले.