विलासला पुरून उरलेली चौकट

मित्रांनो, मी भुकूम गावच्या एका घरातला जुना संगणक आहे. यंत्राला राग येत नाही, असं तुम्हाला कोणीही सांगेल. मला एकदा आला होता आणि मी तो धरून ठेवला.

दोन हजार सालच्या सुमारास दादासाहेबांनी मला घरी आणलं. त्यांच्या पत्नी आशालताबाई माझ्यावर मराठी लिहायला शिकल्या. त्यासाठीचा प्रोग्रॅम सीडीवर आला होता. भाकरी झाल्या की त्या बसायच्या आणि हळदीची गाणी लिहायच्या. आमच्याकडे नवरीला हळद लावताना बायका घरातल्या माणसांना चिडवणारी गाणी म्हणतात. लेकीच्या, सायलीच्या हळदीसाठी त्या ती जमवत होत्या. ती हळद त्यांना दिसली नाही. आजारपणात त्या गेल्या. त्यांच्या बोटांचं पीठ माझ्या कळांच्या फटीत राहिलं.

मग दादासाहेबांचा धाकटा भाऊ विलास याने मला उचलून आपल्या जमिनीच्या ऑफिसात नेलं. प्लॉटच्या नकाशांना जागा हवी म्हणून तो बाईंचा प्रोग्रॅम काढायला बसला. काम अर्ध्यावर असताना गिऱ्हाइकाची गाडी आली आणि त्याने सरळ माझं बटण बंद केलं. हरळी वरवर खुरपली की मुळं आत राहतात, तसं झालं.

मी त्याचा सूड घेतला. मला सुरू केलं की पडद्यावर चौकट यायची : काम अपुरं आहे, सीडी घाला. रद्द केली की पुन्हा हजर. गिऱ्हाईक समोर बसलेलं आणि नकाशा चौकटीखाली. विलासला घाम फुटायचा. मला बरं वाटायचं.

सायलीचं लग्न ठरलं. ती वडिलांबरोबर गाणी शोधायला आली, तर पडद्यावर नुसता इंग्रजी खुणांचा पाला. विलासने सांगून टाकलं, की सगळं पुसलं गेलं. वर म्हणाला, "गाणीच हायेत की. दुसऱ्या बाया म्हणतील." दादासाहेब सायलीला घेऊन घरी गेले.

शेवटी चौकटीला वैतागून विलासने दुरुस्तीवाल्या दयानंदला बोलावलं. त्याने सांगितलं, प्रोग्रॅम मूळ सीडीवरून पुन्हा पुरता बसवायचा आणि मग नीट काढायचा, तरच चौकट जाईल. सीडी आशालताबाईंच्या साड्यांच्या घडीत होती. विलासला भावापुढे हात पसरावा लागला.

दादासाहेब सायलीला घेऊन आले. सीडी त्यांनी स्वतःच्या हाताने घातली. प्रोग्रॅम बसला आणि पाल्याची गाणी झाली. मजकूर कुठे गेलाच नव्हता, फक्त त्याची अक्षरं गेली होती. सायली मोठ्याने वाचू लागली.

"आता काढतो," दयानंद म्हणाला.

"काढायचं न्हाई," दादासाहेब म्हणाले. "विलास, तुजे नकाशे दुसरीकडं ने. ह्यो घरी येतोय."

"दादा, गिऱ्हाइकं हायेत माजी."

"माजी बी हायेत. हळदीला येणार हायेत."

हळदीच्या मांडवात छापलेले कागद हातोहात फिरले. बायकांनी विलासला पुढे बसवलं आणि आशालताबाईंनी लिहिलेलं म्हटलं :

काका नवरीचा मिरवतो मांडवात,
कामाच्या वक्ताला घोरतो गोठ्यात.

मांडव हसला. विलासनेही हसून पाहिलं. दादासाहेब मात्र हसले नाहीत. "परत म्हणा," एवढंच ते म्हणाले.

मित्रांनो, माणूस गेलं तरी त्याचं काही काढायच्या आधी घरात विचारा. माझ्या पडद्यावर आता चौकट येत नाही. पण तिला कसं बोलवायचं, ते मी विसरलेलो नाही.