नत्थूजींचे पॅड

दसऱ्याला लोक आपापल्या घरी काय काय पुजतात! कोणी विळे-कोयते, कोणी वह्या-पुस्तकं, कोणी दारातली मोटारसायकल. वर्ध्याच्या झाड्यांच्या घरी मात्र हॉकीच्या गोलकीपरचे पॅड पुजले जायचे. जाड ताडपत्रीचे, आत कापूस ठासून भरलेले, उभ्या शिवणी घातलेले दोन जुनाट पॅड. त्यांना हळदकुंकू लागायचं, झेंडूची माळ पडायची, आपट्याची पानं वाहिली जायची. मग बंडूजी झाडे, वय चौऱ्याहत्तर, घसा खाकरून दरवर्षीचं भाषण सुरू करायचे.

भाषण असं की, या पॅडनं हे घर पोसलं. त्यांचे वडील नत्थूजी हेच पॅड बांधून हिंगणघाटच्या मिलच्या टीममध्ये गोलकीपर म्हणून उभे राहिले, तेव्हा मिलनं त्यांना बोलावून कामावर घेतलं. नाहीतर वडनेरचा शेतकरी गडी, त्याला मिलमध्ये कोण विचारतो? पुढे बंडूजी रेल्वेच्या टीमचे गोलकीपर झाले आणि रेल्वेनं त्यांना नोकरी दिली. त्यांचा मुलगा हेमराज पोलिसांच्या टीमचा गोलकीपर झाला, पोलिसांनी त्याला वर्दी दिली. तीन पिढ्या नुसतं उभं राहून भाकरी मिळवली, असं बंडूजी हसत सांगायचे. आयुष्यात आपण एकही गोल केला नाही, हेसुद्धा सांगायचे, पण ते सांगताना तेवढं हसायचे नाहीत.

चौथी पिढी म्हणजे हेमराजची मुलगी रक्षा. पंधरा वर्षांची, पायाला भिंगरी. ती खेळायची आइस हॉकी. आता वर्ध्यात बर्फ म्हणजे रसवंतीवाल्याच्या गोणपाटाखाली असतो तेवढाच. मे महिन्यात तोही सापडत नाही. म्हणून इथली मुलं चाकांचे स्केट्स घालून सिमेंटच्या रिंकवर खेळतात, चेंडूऐवजी रबराची चकती मारतात, आणि त्यांतली चांगली निवडून लडाखच्या गोठलेल्या तळ्यावर नेतात. बंडूजींनी आधी या खेळाची यथेच्छ टिंगल केली. बर्फावर काय खेळायचं, घसरून पडायला आपलं मोरीतलं शेवाळ काय वाईट, असं त्यांचं म्हणणं होतं. पण एकदा ते रिंकवर गेले, नात वाऱ्यासारखी धावताना पाहिली, आणि दुसऱ्या दिवसापासून सगळ्यांच्या आधी जाऊन बाकावर बसू लागले.

यंदा लडाखला जाणाऱ्या संघाला गोलकीपर नव्हती. होती ती मुलगी पुण्याला गेली. मुकेश सर, म्हणजे संघाचे प्रशिक्षक, म्हणाले की झाड्यांची मुलगी हाताशी असताना मी दुसरीकडे कशाला बघू? बंडूजींची छाती फुगली. त्यांनी तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला. रक्षाला विचारायचं असतं, हे त्यांच्या गावीही नव्हतं.

रक्षाला फॉरवर्ड खेळायचं होतं, धावायचं होतं, गोल मारायचे होते. गोलमध्ये उभी राहिली तर लडाख नक्की होतं. फॉरवर्डच्या जागेसाठी चौघी आधीच भांडत होत्या आणि दिवाळीनंतर चाचणी होती. तिनं आजोबांना सरळ सांगितलं की मला नाही उभं राहायचं. बंडूजींनी तीन पिढ्यांचा पाढा वाचला. तिनं तोंड फिरवलं. दोघांच्याही नाकावर राग, त्यामुळे नवरात्राचे नऊ दिवस घरात बोलणं कमी आणि भांडी आपटणं जास्त झालं.

दसऱ्याच्या सकाळी पॅड पुसायचं काम रक्षाकडे आलं. पुसता पुसता तिला काय वाटलं कोण जाणे, तिनं ते पायांना बांधून पाहिले. घोट्यापासून गुडघ्याच्या वरपर्यंत अगदी मापात बसले. शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखे.

"आबा, हे पॅड मले कसे बरोबर बसते?"

जुन्या काळची माणसं ठेंगणी होती, बंडूजींनी ठोकून दिलं.

"तुमीच तं सांगता पणजोबा दारातून वाकून येत म्हनून. मंग त्याईचे पॅड माह्या मापाचे कसे?"

खरंच की. नत्थूजी सहा फुटांच्या वर होते. वडनेरच्या घराच्या चौकटीला त्यांचं कपाळ कितीदा लागलं, ही घरातली लाडकी गोष्ट होती. आणि हे पॅड हेमराजच्या गुडघ्यापर्यंतही पोचत नव्हते. साठ-पासष्ट वर्षं पूजा केली होती, पण पॅडकडे कधी पाहिलं नव्हतं.

आजोबांच्या चेहऱ्यावरचा गोंधळ पोरीनं हेरला. तिनं पैज लावली: याचं खरं उत्तर आणा, मी मुकाट्यानं गोलमध्ये उभी राहीन. नाही आणलं, तर मी फॉरवर्डची चाचणी देईन आणि तुम्ही सरांना दिलेला शब्द परत घ्यायचा. बंडूजी म्हणाले, मंजूर. एवढ्याशा प्रश्नाचं उत्तर ते काय!

पण उत्तर सापडेना. धुऊन आटले म्हणावं, तर पॅडना कधी पाणी लागलं नव्हतं. कोणी कापून लहान केले म्हणावं, तर शिवणी वरपासून खालपर्यंत अखंड होत्या, कडेला पक्की दुमड होती. चष्मा पुसून पुसून त्यांनी ते पॅड उलटेपालटे केले. वडील गेले तेव्हा बंडूजी सहा वर्षांचे होते, त्यांचा खेळ त्यांना आठवत नव्हता. नंतर मामानं शिकायला नागपूरला नेलं. मिलचे जुने खेळाडू केव्हाच पांगले, गेले. विचारायचं कोणाला? सुरुवातीला पैज जिंकायची म्हणून शोधत होते, पण हळूहळू पैज राहिली बाजूला. आपला बाप कसा उभा राहत होता, कसा दिसत होता, हेच म्हाताऱ्याला छळू लागलं. जेवताना घास हातात धरून ते तसेच बसून राहायचे आणि सूनबाई मोहिनी भाजी पुन्हा गरम करायची.

भाऊबीज आली. बंडूजी दरवर्षी भाऊबीजेला हिंगणीला थोरल्या बहिणीकडे जायचे. सुलोचनाबाई ऐंशीच्या, कानानं थोड्या कमी, जिभेनं अजिबात नाही. यंदा बंडूजींनी साडीच्या पिशवीबरोबर पॅडही घेतले. का घेतले, त्यांनाच नीट सांगता आलं नसतं.

पाटावर बसले, सुलोचनाबाई ताट घेऊन आल्या. ओवाळता ओवाळता त्यांची नजर पिशवीतून डोकावणाऱ्या पॅडवर गेली आणि ताट हवेतच थांबलं.

"आईचे पॅड काऊन घेऊन आला रे बंडू?"

आईचे नाही, बाबाचे, बंडूजींनी त्यांना दुरुस्त केलं.

"बाबाच्या अर्ध्या नडगीले तरी पुरले असते का थे? आईचे हाय. तिनंच शिवले, तिनंच घातले."

बंडूजींना वाटलं बाईंचं वय बोलतंय. पण सुलोचनाबाईंनी ताट खाली ठेवलं, पदर सावरून समोर बसल्या आणि कालपरवाची गोष्ट सांगावी तसं सांगू लागल्या. नत्थूजी गोलकीपर नव्हतेच. ते मिलच्या टीमचे फॉरवर्ड होते, त्यांच्या गोलांवर मिलचे साहेब खूश होते. पण वडनेरला सरावाला जोडीदार कुठून आणायचा? सुगी उरकून खळं मोकळं झालं की ते एकटेच गोठ्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचे. एक दिवस त्यांची बायको, मनकर्णाबाई, म्हणाली की भिंत काय जागची हलत नाही, तिच्यावर मारून काय शिकणार? मी उभी राहते. तिनं ताडपत्री घेतली, घरच्या शेतातला कापूस भरला, दाभणानं पॅड शिवले. दोन वखर उभे केले, तो झाला गोल. लुगड्याचा काष्टा घट्ट मारून ती त्यात उभी राहायची. चेंडू तुरीत गेला की आणायला सुलोचना. गावात कोणी नावं ठेवू नये म्हणून बाहेर बोलायची बंदी होती.

"बाबा म्हनत, मिलचे गोलकीपर परवडले, हे बाई नाई परवडत," सुलोचनाबाई म्हणाल्या. "तू बी मारत होता. बाभळीची वाकडी काठी होती तुह्या हातात. आई तुले बी सोडे नाई. तू रडे, पन रडता रडता पुन्हा मारे."

बंडूजींनी एवढंच विचारलं की हे मला आजवर कोणी सांगितलं का नाही. सुलोचनाबाईंना उलट त्यांचंच नवल वाटलं. तुला ठाऊकच असेल असं मला वाटलं, त्या म्हणाल्या. तुम्ही माणसं ओसरीवर हॉकीच्या गप्पा मारता तेव्हा आम्ही बायका चुलीजवळ, तू तिथे काय सांगतोस ते आम्हाला काय माहीत. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हाच.

पुढचं सांगताना मात्र त्यांचा आवाज उतरला. नत्थूजी काविळीनं गेले. त्यांची स्टिक त्यांच्याबरोबर सरणावर ठेवली. त्या वर्षी दसऱ्याला पुजायला घरात त्यांचं काहीच नव्हतं. आईनं पॅड काढून ठेवले.

"तू इचारलं, हे बाबाचे व्हय? आईनं पॅड पदरानं पुसले. मंग हो म्हने. बाबाचं काईतरी घरात पायजे होतं न तुले."

बंडूजी भरल्या ताटावरून उठले नाहीत, पण काय जेवले ते त्यांना कळलं नाही. ओवाळणी घालायलाही विसरले. ती सुलोचनाबाईंनी हात पुढे करून वसूल केली.

परतीच्या बसमध्ये पिशवी मांडीवर घेऊन ते खिडकीशी बसले. सेलूपर्यंत मन नुसतं सुन्न होतं. सेलू सोडल्यावर त्यात हळूच एक विचार शिरला. हे घरी कोणाला कुठे माहीत आहे? बाबांचे पॅड पावसात कुजले, हे नंतर घरातल्या पोरासाठी शिवलेले, असं काहीतरी सांगता येईल. रक्षा विश्वास ठेवेल. पैज जिंकली, नात गोलमध्ये, लडाख नक्की, मुकेश सरांपुढे शब्द राहिला आणि तीन पिढ्यांचं नावही राहिलं. खरं सांगितलं तर काय उरतं? बाप फॉरवर्ड, म्हणजे पोरीचंच म्हणणं खरं. आणि आपण तीस वर्षं दुसऱ्यांचे फटके अंगावर झेलत उभे राहिलो, ते कशासाठी? त्यांनासुद्धा धावायचं होतं की. रेल्वेच्या निवडीच्या दिवशी ते फॉरवर्डच्या रांगेत उभे होते. कोणीतरी म्हणालं, अरे याचा बाप गोलकीपर होता, आणि ते आपण होऊन रांगेतून बाहेर आले होते. हे त्यांनी कधी कुणाला सांगितलं नव्हतं.

खोटं बोलणं सोपं होतं. आईही बोललीच होती. पण आई बोलली ती पोरासाठी, स्वतःचं होतं ते सोडून देऊन. आपण बोलणार ते कोणासाठी? वर्धा येईपर्यंत बंडूजींना याचं उत्तर मिळालं होतं, आणि ते त्यांना मुळीच आवडलं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी हेमराज, मोहिनी आणि रक्षा तिघांना बसवलं आणि सगळं सांगितलं. रेल्वेच्या रांगेचंसुद्धा. हेमराज, अंगानं आडवातिडवा पोलीस, बराच वेळ पॅडकडे बघत राहिला. मग म्हणाला की म्हणजे मीही उगाच उभा होतो का? बंडूजींनी सगळ्यांसमोर मुकेश सरांना फोन लावला, माझा शब्द परत घेतो म्हणाले, रक्षा फॉरवर्डची चाचणी देईल, निवडली तर निवडली.

पैज तर तुम्ही जिंकलात आबा, रक्षा हळूच म्हणाली, उत्तर आणलंत ना.

"आनलं," बंडूजी म्हणाले. "पन थे उत्तर तुले गोलमधी उभं करत नाई, बेटा. तू धाव."

दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर बंडूजी घरामागच्या मोकळ्या जागेत खुर्ची टाकून बसले होते. रक्षा आली. पायांना पणजीचे पॅड, ओढणी कमरेला घट्ट गुंडाळलेली. तुळशीजवळच्या दोन कुंड्या तिनं ओढून अंतरावर ठेवल्या आणि मधोमध उभी राहिली. मग जुना टेनिसचा चेंडू आजोबांच्या पायाशी टाकला आणि आपली स्टिक त्यांच्या हातात दिली.

"चाचणी माही सोमवारी हाय. आज तुमची."

या वयात काय, कंबर धरेल, लोक हसतील, असं बंडूजी बरंच काही म्हणाले. ते म्हणत असताना त्यांचे हात मात्र स्टिकची पकड जमवत होते.

"मारा आबा. पणजी कोनाले सोडे नाई. मी बी सोडनार नाई."

त्यांनी मारला. चेंडू जेमतेम घरंगळत गेला आणि पॅडवर आपटून परत आला. आत कापूस होता, आवाजही झाला नाही. दुसरा जरा जोरात गेला, तोही तिनं अडवला. तिसऱ्याला बंडूजींचे डोळे भरून आले आणि समोरचं दिसेना, कुंड्या कुठे, पोरगी कुठे. मागच्या दारात हेमराज येऊन उभा राहिला होता, त्याच्याकडे त्यांनी पाहिलं नाही. बाहीनं डोळे पुसले आणि स्टिक पुढे केली.

"टाक इकडे," ते म्हणाले. "पुन्हा मारतो."